दहा मेगाओहमचे अप्पा

अप्पांच्या दुकानात गाडी आली की अप्पा आधी गाडीकडे बघत नाहीत, मालकाकडे बघतात. मालक कुठला, कोणाच्या घरचा, गाडी स्वतःची की मेव्हण्याची, हप्ते फिटले की थकले, यंदा हळद किती लावली, सोयाबीन कोणाच्या आडतीवर घातलं आणि पट्टी लगेच मिळाली की 'उद्या या' म्हणाले, एवढी चौकशी उभ्या उभ्या होते. आवाज असा की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना चहाबरोबर ही सगळी माहिती फुकट मिळावी. मालकाचा चेहरा पुरता उतरला की अप्पा बोनेट उघडतात. आणि तिथून पुढे हाच माणूस कुजबुजायला लागतो. हाताखालच्या पोराला म्हणतात, "हळू. वायरीला कळलं नाई पायजे आपण आलो म्हणून."

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जिल्हा १ मे १९९९ला परभणीतून वेगळा निघाला. अप्पांचं दुकान त्याच्याही आधीचं, आणि ही गोष्ट बदलून आलेल्या प्रत्येक तहसीलदाराला पहिल्याच भेटीत ऐकावी लागते. जणू जिल्हा करताना सरकारनं अप्पांचा सल्ला घेतला होता. पाटीवर पिवळ्या अक्षरांत 'सेल्फ, डायनामो, वायरिंग, बॅटरी चार्जिंग' असं आहे. त्याखाली मागाहून लिहून घेतलेली ओळ: 'सेन्सरची तपासणी धक्का न लावता केली जाईल'. हिंगोलीकडून येणाऱ्याला ती पुरी दिसते. रिसोडकडून येणाऱ्याला मधला 'न' विजेच्या खांबाआड जातो. रिसोडच्या गाड्या कमी का येतात, याचं कारण अप्पा मात्र वेगळंच सांगतात.

बसायला जुन्या कमांडर जीपचं मागचं सीट भिंतीला टेकवून ठेवलंय. शाळा सुटली की मी तिथं जातो. एक निवृत्त तलाठी आधीपासून बसलेले असतात. काम काही नसतं, पण अप्पांना बघणं हे कामच आहे.

अप्पांचं शिक्षण टेस्ट लॅम्पवर झालं. टेस्ट लॅम्प म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा पाच वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला टोकदार पिन. चिमटा बॉडीला लावायचा, पिन वायरीत खुपसायची. बल्ब लागला तर करंट आहे, नाही लागला तर वायर मेली. जीप, मेटॅडोर, ट्रॅक्टर, काळीपिवळी, सगळ्या या एका बल्बावर दुरुस्त झाल्या. अप्पा अजून त्याला नावं ठेवू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. हेडलाइटच्या वायरीचा जोड पावसाळ्यात हिरवा पडला, तिथं तीसएक ओहमचा अडथळा तयार झाला, तरी भारी डिजिटल मीटर त्या जोडापुढं निर्धास्त १२.४ व्होल्ट दाखवतो. कारण तो काही ओढतच नाही. ओढलं नाही तर अडथळा कळणार कसा? पाच वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर ओढायला बघतो, निम्मे व्होल्टसुद्धा त्याच्या वाट्याला येत नाहीत, आणि तो मलूल होऊन खरं काय ते सांगून टाकतो.

मग गाड्यांत सेन्सर आले. देशभर १ एप्रिल २०१७ला बीएस-४ लागू झालं आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-६. तोवर शेतावर जायच्या मोटरसायकलीचा कार्बोरेटरसुद्धा गेला आणि तिच्या सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर येऊन बसला. या नव्या वायरींत बारा व्होल्टचा रांगडेपणा नाही. इंजिनातल्या पाण्याच्या सेन्सरचंच घ्या. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे दुकानाच्या भाषेत ईसीएम, आपल्या पोटातल्या एका रेझिस्टरमधून पाच व्होल्ट सेन्सरकडे सोडतो. सेन्सर हाही रेझिस्टरच, फक्त पाणी तापलं की त्याचे ओहम कमी होतात. दोघांमध्ये पाच व्होल्टची वाटणी होते, आणि सेन्सरच्या वाट्याला किती आले ते बघून ईसीएम पाणी किती तापलंय ते ठरवतो. भावाभावांच्या वाटणीत तिसरा हिस्सेदार येऊन बसला तर काय होतं हे आमच्या तलाठ्यांना विचारा. त्यांची सगळी नोकरी त्यात गेली.

अप्पा एक गोष्ट सांगतात. "रिसोडकडं एक जण होता" अशी सुरुवात असते. त्या एकानं म्हणे चालू गाडीच्या पाण्याच्या सेन्सरच्या वायरीत टेस्ट लॅम्पची पिन खुपसली. बल्ब लागला नाही. लागणार कसा? त्या वायरीतून पोटातल्या रेझिस्टरमुळे फार तर दोन मिलिअँपिअर येतात, आणि बल्बाला चारशे लागतात. त्यानं निकाल दिला, वायर मेली. पण पिन लावली त्याच क्षणी रेडिएटरचा पंखा घोंघावत सुटला आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, कारण बल्बानं ती वायर पार शून्याला ओढली होती आणि ईसीएमला वाटलं पाणी उकळून गेलं. पिन काढली, पंखा थोड्या वेळानं थांबला. त्या एकानं नवीन वायर ओढली. तीही मेलेली निघाली. मग तिसरी ओढली. "रातभर वायरी ओढू लालता बिचारा," अप्पा म्हणतात, आणि पुढचं सांगताना त्यांचे कान लाल होतात. रिसोडकडचा तो एक जण कोण, हे सेनगावात शाळेतल्या पोरांनासुद्धा माहीत आहे.

त्या रात्रीनंतर अप्पा बदलले. म्हणजे वायरींच्या बाबतीत बदलले. नांदेडहून चांगला मीटर आणला, आत शिरायला दहा मेगाओहम लागतील असा. दहा मेगाओहम म्हणजे एक कोटी ओहम. अप्पा 'एक कोटी' असंच म्हणतात, कारण त्यात वजन आहे. मीटर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळलेला असतो. वायरीत पिन खुपसणं आता त्यांच्या दुकानात पाप आहे, कारण त्या भोकातून पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. त्याऐवजी शिवणकामाची सुई कप्लरच्या मागून, वायरीच्या अंगाला घासून, हलकेच आत सरकवायची आणि मीटरचं लाल टोक तिला टेकवायचं. काळं टोक कुठं? हा अप्पांचा प्रवेश परीक्षेचा प्रश्न आहे. पोरगं जवळच्या कुठल्याही पत्र्याला टेकवतं आणि अप्पा ओरडतात, "तो पत्रा हाय, अर्थ नाई!" बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनाची बॉडी यांच्यात, गंजलेल्या पट्टीपायी, सेल्फ मारताना अर्धा-अर्धा व्होल्ट हरवतो. बारा व्होल्टच्या हेडलाइटला त्याचं काही वाटत नाही, पण जो सेन्सर अर्ध्या व्होल्टात दहाएक अंशांचा फरक सांगतो, त्याच्या बाबतीत हा चक्क खोटा साक्षीदार. म्हणून काळं टोक सेन्सरच्याच स्वतःच्या अर्थच्या वायरीवर. मग अप्पा श्वास धरतात. दुकानातल्या सगळ्यांनी धरायचा असतो. एकदा तलाठी शिंकले, तर त्यांना परत पहिल्यापासून मोजावं लागलं.

मीटर विकणाऱ्यांची मात्र या दुकानात धडगत नाही. एकदा एक तरुण विक्रेता बॅग घेऊन आला. पिवळा मीटर, दोनशे रुपयांच्या आसपास, सोबत बॅटरी फुकट. अप्पांनी आधी त्याचं गाव, वडिलांचा धंदा आणि लग्नाचं वय काढलं. मग खिशातून एक पुडी काढली. पुडीत कापसावर ठेवलेला एक रेझिस्टर: तपकिरी, काळा, निळा पट्टा. दहा मेगाओहम. गाडीच्या बॅटरीवर आधी विक्रेत्याचा मीटर सरळ लावला. १२.६. विक्रेता हसला. मग मधे तो रेझिस्टर धरून लावला. १.१४.

"बॅटरी उतरली का काय?" विक्रेता म्हणाला.

अप्पांनी बोलण्याची तसदी घेतली नाही. आपला मीटर त्याच रेझिस्टरमधून लावला. ६.३. बरोबर निम्मे.

आता हे गणित साधं आहे. रेझिस्टर दहाचा, मीटर दहाचा, व्होल्टची वाटणी निम्मी निम्मी. पिवळ्याचं पोट एकच मेगाओहमचं, म्हणून अकरात एक हिस्सा त्याच्या वाट्याला. विक्रेत्याला मी हे समजावून सांगायला लागलो, पण अप्पांनी हात वर करून मला थांबवलं आणि स्वतःच्या पद्धतीनं सांगितलं: "पातेल्यात दूध किती हाय ते बगायला पाठवलं, अन् तुमचा हा मीटर वाटीभर पिऊन मंग सांगायलाय." विक्रेत्यानं बॅग आवरली. जाताना अप्पांनी त्याला चहा पाजला आणि नर्सीजवळच्या एका चांगल्या स्थळाचा पत्ता दिला.

मी गणित शिकवतो, म्हणून अप्पा मला मानतात. त्याहून जास्त मानतात ते ओहमला. गेऑर्ग ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर होता, १८२७ साली त्यानं आपला नियम पुस्तकात मांडला आणि आधी त्याच्याच लोकांनी तो मनावर घेतला नाही, हे मी सांगितलं तेव्हा अप्पांनी हातातली पक्कड खाली ठेवली. "मास्तरांचं कोण ऐकतं, सर," ते म्हणाले. बाजूला पोरगं बसलेलं होतं, ते काही ऐकत नव्हतं.

अप्पांच्या कीर्तीचा कळस झाला तो गोरेगावच्या पिकअपमुळे. डिसेंबरातली गोष्ट. मालक पहाटे भाजी घेऊन हिंगोलीला जाणारा. गाडी पहाटे सुरूच होत नाही, चार माणसांनी ढकलावी लागते. दुपारी मात्र चावी फिरवली की एका सेल्फात चालू. मालकानं बॅटरी बदलली होती, हीटर प्लग बदलले होते, डिझेल फिल्टर बदललं होतं आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. प्रत्येक मेकॅनिककडे तो दुपारी जायचा, आणि प्रत्येक मेकॅनिक म्हणायचा, "ही तर चांगली चालू हाय."

अप्पांनी नेहमीची चौकशी सुरू केली. या वेळी ती कामाला आली, हे मान्य केलंच पाहिजे. हळद, सोयाबीन, साडू असं करत गाडी दिवाळीवर आली, आणि दिवाळीत मालकानं हौसेनं डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा डिजिटल मीटर बसवून घेतल्याचं निघालं. निळे आकडे, रात्री फार छान दिसतात. तो बसवणाऱ्यानं वेगळा सेन्सर टाकायचे पैसे वाचवले होते. गाडीच्या मूळ सेन्सरच्या वायरीलाच जोड मारून निळ्या मीटरचं तोंड तिथं लावलं होतं.

अप्पा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मी पहाटं येतो."

आणि गेले. माकडटोपी, मफलर, डबा काखेत, मोटरसायकलवर मागे पोरगं. मलाही नेलं, कारण आकडे लिहून घ्यायला मास्तर लागतो. गोरेगावात गारठा असा की कुत्रीही भुंकायच्या मनःस्थितीत नव्हती. अप्पांनी सुई सरकवली, आम्ही सगळ्यांनी श्वास धरला, तोंडातून निघणारी वाफसुद्धा थांबली. निळा मीटर जोडलेला असताना १.९४ व्होल्ट. त्याचा कप्लर काढला, ३.१७. परत लावला, १.९४.

गणित त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे केलं. पत्रिका अजून दुकानात तारेला अडकवलेली आहे. हवा दहा अंशांची. त्या थंडीत असल्या सेन्सरचे ओहम तीन हजार आठशेच्या घरात असतात. ईसीएमच्या पोटातला रेझिस्टर बावीसशेचा धरला, तर सेन्सरवर ३.१७ व्होल्ट यायला हवेत. निळ्या मीटरचं तोंडही साधारण बावीसशे ओहमचं निघालं, आणि ते सेन्सरच्या शेजारी समांतर बसलेलं. तीन हजार आठशे आणि बावीसशे समांतर म्हणजे जेमतेम चौदाशे. चौदाशे ओहम या सेन्सरचे पस्तीस अंशांला होतात. थोडक्यात, बाहेर माणसं शेकोटीभोवती, आणि गाडीच्या ईसीएमला वाटतंय फाल्गुन आलाय. मग तो हीटर प्लग कशाला तापवील? दुपारी इंजिन ऐंशी अंशांवर असताना सेन्सर सव्वातीनशे ओहमचा होतो. त्याच्या शेजारी बावीसशे बसले काय आणि उठले काय, चार-पाच अंशांचा फरक. म्हणून दुपारच्या मेकॅनिकांना काही सापडत नव्हतं. ज्याचे ओहम मुळात कमी, त्याचं शेजाऱ्यामुळे बिघडत नाही. ज्याचे जास्त, त्याचं पुरतं वाटोळं होतं. लोडिंगचा, म्हणजे जोडलेल्या वस्तूनंच मोजमाप बिघडवण्याचा, सगळा धडा या दोन वाक्यांत आला. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला पान लागलं असतं आणि शेवटी पाच प्रश्न.

मालक म्हणाला, "मंग निळा मीटर काढून टाकू?" आवाज रडवेला होता. अप्पांनी काढू दिला नाही. त्याला त्याचा स्वतःचा सेन्सर बसवला, स्वतःची वायर दिली, स्वतःचा अर्थ दिला, आणि म्हणाले, "वेगळं ऱ्हा अन् सुखात ऱ्हा." नंतर दुकानात हे ऐकून तलाठी खूप वेळ मान हलवत होते.

परत येताना मी मनातल्या मनात एक हिशोब केला आणि दुकानात आल्यावर सांगितला. ती वायर मोजायला दहा मेगाओहमची गरजच नव्हती. ईसीएम आणि सेन्सर मिळून मीटरला तिथं चौदाशे ओहमसारखे दिसतात. दोनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरनंही फरक पडला असता हजारात दीड. अगदी जुना काट्याचा मीटर, व्होल्टला वीस हजार ओहमवाला, दहा व्होल्टच्या रेंजवर दोन लाख ओहमचा होतो. त्यानं ३.१७ चे ३.१५ दाखवले असते. काट्याची जाडीच तेवढी असते.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "पण वायरीला माहीत असतं, सर."

यावर ओहमकडेही उत्तर नसावं.

जिथं खरोखर कोटीचा मीटर लागतो त्या जागा थोड्या आहेत आणि अप्पांना त्या पाठ आहेत. मोटरसायकलचा ऑक्सिजन सेन्सर तापलेला असतो तेव्हा तो स्वतःच शून्याच्या जवळून एक व्होल्टाच्या जवळपर्यंत वीज तयार करतो आणि बऱ्यापैकी बोलका असतो. गार असताना त्याच्या अंगचे ओहम लाखांत, दशलक्षांत जातात. अशा वेळी काट्याचा मीटर अडीच व्होल्टच्या रेंजवर लावला की त्याचे पन्नास हजार ओहम सेन्सरचा सगळा जीव ओढून घेतात, काटा शून्यावर, आणि मेकॅनिक म्हणतो सेन्सर मेला, नवीन टाका. अप्पांकडे असे 'मेलेले' सेन्सर लोक आणून देतात. ते स्वतःच्या गाडीला लावतात, गाडी गरम करतात, आणि सेन्सर उठून बसतो. दुकानाच्या एका खणात अशा पुनर्जन्म झालेल्यांची रांग आहे.

आता माणसांकडे वळायला हवं, कारण माणसांच्या बाबतीत अप्पा अजून पाच वॅटचा बल्ब आहेत.

एका संध्याकाळी तलाठी खुशीत आले. नातवाचा शाळेत नंबर आला होता. ते सीटवर टेकायच्या आत अप्पा म्हणाले, "तलाठीसाहेब, चेहरा उतरला की हो! झोप लागती ना? छातीत काही?" तलाठी म्हणाले, नाही हो, उत्तम आहे. अप्पांनी मान तिरकी करून त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि "असंल, असंल" म्हणाले. तलाठी त्या रात्री झोपले नाहीत. सकाळी बीपी तपासलं, वाढलेलं निघालं. संध्याकाळी गोळ्यांची पट्टी खिशात घेऊन ते आले तर अप्पा विजयानं माझ्याकडे बघून म्हणाले, "बगा, मला कालच दिसलं होतं."

स्थळांच्या चौकशीत तर हे फारच रंगतं. नर्सीच्या एका गृहस्थांनी सेनगावातल्या एका पोराबद्दल जरा कानोसा घ्यायला सांगितलं. पोराचं मोबाईलचं दुकान. अप्पा भर बाजाराच्या दिवशी त्याच्या काउंटरसमोर उभे राहिले आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "कर्ज किती हाय रे तुझ्यावर?" पोरगं प्रामाणिक, त्यानं आकडा सांगितला. तो आकडा चहाच्या हॉटेलात, तिथून किराणा दुकानात आणि बसमध्ये बसून हिंगोलीच्या ठोक व्यापाऱ्याकडे पोचला. व्यापाऱ्यानं उधारी बंद केली. पोराला रोखीनं माल आणायला दुसरीकडून कर्ज काढावं लागलं. आठवड्यानं अप्पांनी नर्सीला निरोप धाडला, "कर्ज हाय, अन् वाढू लालंय."

आणि दुकानाच्या मागच्या दारात काकू बसलेल्या असतात, अप्पांच्या पत्नी. सूप घेऊन तूर निवडत. त्या कोणाला काही विचारत नाहीत. येणारी बाई आपणहून शेजारी बसते, हात आपसूक सुपात जातो, दोघी खडे काढतात आणि बाई बोलत सुटते. काकू फार तर "हं" म्हणतात. तालुक्यात कोणाचं काय चाललंय हे अप्पांनी ओरडून ओरडून मिळवलेल्या माहितीपेक्षा काकूंना कितीतरी नेमकं माहीत असतं, आणि त्यांच्या माहितीमुळे आजवर कोणाचं बीपी वाढलेलं नाही. नर्सीची ती मुलगी आणि मोबाईलवाला पोरगा यांनी एकमेकांना आधीच पसंत केलंय, हेही त्यांना ठाऊक होतं. लग्न झालं. अप्पा जेवायला पहिल्या पंगतीला होते.

एकदा धीर करून मी म्हटलं, "अप्पा, वायरीला तुम्ही एवढं जपता, मग माणसांना टेस्ट लॅम्प का लावता?"

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते विचारात पडले. मग म्हणाले, "माणसाला ओढूनच बगावं लागतंय, सर. नुसता मीटर लावला तर सगळेच बारा दाखवतेत."

हिरव्या पडलेल्या जोडाची गोष्ट मला आठवली आणि मी वाद घातला नाही. तलाठी मात्र म्हणाले, "माझं चांगलं चाललं होतं हो." पण ते कोणी ऐकलं नाही.

हल्ली अप्पांच्या डोक्यात लायगो शिरलंय. आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, गुरुत्वलहरी मोजायचं यंत्र व्हायचंय. २०१६ साली तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटर लांब दोन नळ्या, त्यांत लेसरचा प्रकाश, टोकांना आरसे. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या आरशांमधलं अंतर अणूच्या पोटातल्या प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही कमी हलतं, आणि तेवढं मोजायचं. मी हे सांगत असताना अप्पा सुरुवातीला 'दोन हजार सहाशे कोटी' वर अडकले होते. त्यात दोनशे रुपयांचे पिवळे मीटर किती येतील, याचा हिशोब तलाठ्यांनी सुरू केला होता.

पण पुढचं ऐकून अप्पा उठून उभे राहिले. अमेरिकेतल्या लायगोचे आरसे चाळीस-चाळीस किलोचे आहेत, आणि मोजायला सोडलेला प्रकाशच त्यांना ढकलतो. अतिशय थोडं, पण ढकलतो, आणि शास्त्रज्ञांनी ते ढकलणंही मोजलंय. प्रकाश कमी सोडावा तर नीट दिसत नाही, वाढवावा तर आरसा जास्त हलतो.

"म्हंजी त्यांनाबी लोडिंगचा तरास हाय तर!" अप्पांच्या चेहऱ्यावर भाऊबंद सापडल्याचा आनंद होता. रिसोडकडच्या त्या एकाचं दुःख जगातले मोठमोठे लोक भोगतायत, हे कळल्यावर त्यांना फार हलकं वाटलं असावं. त्यांनी लगेच पोराला चहा सांगायला पिटाळलं.

मग म्हणाले, "त्यांना एक कागद लिहा. त्यांचं मीटर किती मेगाओहमचं हाय ते इचारा."

प्रकाशाला मेगाओहम लागत नाहीत, हे मी दोन-तीन पद्धतींनी सांगून बघितलं. अप्पांनी सांगितल्याप्रमाणे लिहावं लागलं. सेनगावचे एक अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन आपणास विचारू इच्छितात, वगैरे. शेवटी त्यांनी एक ओळ आणखी घालायला लावली की काम सुरू झाल्यावर एकदा येऊन बघायची इच्छा आहे. काकू आतून म्हणाल्या, "चालू झाल्यावर नका जाऊ. आधी जाऊन या." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. तलाठ्यांनी ताबडतोब दुजोरा दिला. अप्पा बोलायला लागले की हॉटेलातल्या बशा वाजतात. तिकडे आरसे आहेत.

पत्र मी पोस्टात टाकलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी सीटवर बसायच्या आत अप्पा विचारतात, "उत्तर आलं का?" नाही म्हटलं की मान तिरकी करून माझ्याकडे नीट बघतात. "टाकलं होतं ना पण? तिकीट लावलं होतं? पत्ता बरोबर होता? लाल पेटीतच टाकलं ना, सर, का खिशातच ऱ्हायलं?" मी सांगतो की टाकलं. अप्पा "असंल, असंल" म्हणतात.

पत्र मी टाकलं होतं, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे परवापर्यंत पक्कं आठवत होतं.